एक भाकरी, ६२ तास

मागच्या पावसाळ्यात मी आईकडून लागोपाठ अकरा दिवस रोज एक जास्तीची भाकरी करून घेतली, खायला नाही, बघायला. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "अगं बघून बघून किती बघशील, भाकरीच आहे ती, काही पळून जात नाहीये." पण तोच तर घोळ होता ना, ती पळूनच जात होती. सकाळी साडेसहाला टम्म फुगून उतरलेली भाकरी अर्ध्या तासात बसते, दुपारी कडा वर वळायला लागतात आणि संध्याकाळपर्यंत तिची ढाल होते. दुसऱ्या दिवशी नवी भाकरी आली की डाग वेगळ्याच जागी. आणि मला ती काढायची होती रंगीत पेन्सिलीने, हुबेहूब, माझ्या स्पीडने दोन महिन्यांचं काम. संडे स्कूलमधला मान्ना आठवला, बायबलमधलं ते रानात रोज आकाशातून मिळणारं अन्न, उद्यासाठी उरवून ठेवला की किडे पडायचे त्याला. (भाकऱ्या वाया गेल्या नाहीत हं, संध्याकाळी दुधात कुस्करून मीच खायचे, आईच्या राज्यात भाकरी टाकायची सोय नाही.)

आधी थोडं माझ्याबद्दल. मूळची नगरची, आता पुण्यात, नोकरी अकाउंट्सची. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या, त्यातला स्थिरचित्राचा पेपर मला सगळ्यात जास्त आवडायचा, कळशी, दोन वांगी आणि मागे चुण्या पाडलेला पडदा, बाकीची पोरं वैतागायची. नंतर वीस वर्षं काही नाही. परत सुरू केलं ते रंगीत पेन्सिलीने, आणि त्याचं कारण काही कलात्मक वगैरे नाही, आमचा वन बीएचके आहे. ऑइल पेंटचा वास नको, पाण्याची भांडी नकोत, वाळायची वाट बघायला नको, कुकरची शिट्टी झाली की पेन्सिल ठेवून उठता येतं आणि परत आलं की सगळं जसंच्या तसं असतं. पहाटे पाच ते साडेसहा आणि रात्री पोरगा झोपल्यावर तासभर, एवढाच माझा स्टुडिओ, खिडकीजवळचं टेबल.

आता चर्चमध्ये कळलं की मी चित्रं काढते, तेव्हापासून एक प्रश्न ठरलेला. "मग प्रभूचं काढतेस की नाही काही?" म्हणजे क्रूस, मेंढपाळ, कबुतर, सूर्यास्तासमोर गुडघे टेकलेला माणूस. मी सांगते की मी कांदा काढतेय सध्या. मग एक क्षण शांतता. एका वडीलधाऱ्या काकांनी तर दहा आज्ञांमधल्या दुसरीची आठवण करून दिली, कोरीव मूर्ती करू नको, मी म्हटलं काका कांद्याच्या पाया कोण पडणार आहे, ते हसले पण पटलं नव्हतं त्यांना. उलट बाजूचेही असतात, ते बसालेलचं उदाहरण देतात, बायबलमधलं निर्गम ३१, निवासमंडपाचं म्हणजे देवाच्या तंबूचं नक्षीकाम करणारा कारागीर, ज्याला देवाने आत्म्याने परिपूर्ण केलं. ते ऐकायला छान वाटतं पण तो सोन्यात आणि चांदीत काम करायचा, माझ्याकडे ३६ पेन्सिलींचा डबा.

धार्मिक विषय काढणारे मोठे लोक आपल्या पुण्यातच होऊन गेलेत. अँजेलो द फोन्सेका, १९०२ ते १९६७, मूळचे गोव्याचे, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केलं, साडीतली मरिया काढली, आणि त्यावरून बोलणीही खाल्ली. मला ते जमणार नाही, माझा पिंडच नाही तो. माझा माणूस म्हणजे हुआन सांचेझ कोटान. स्पेनमधल्या टोलेडोचा. त्याचं १६०२ च्या आसपासचं एक चित्र आहे, एक दगडी खिडकी, मागे काळाकुट्ट अंधार, दोऱ्याला टांगलेलं एक क्विन्स नावाचं फळ आणि एक कोबी, खाली कापलेलं खरबूज आणि एक काकडी. बस. ना देवदूत ना काही. आणि हा माणूस १६०३ मध्ये स्टुडिओ बंद करून कार्थुसियन मठात गेला, मौन पाळणाऱ्या लोकांत. मला ते चित्र बघून कधीच आश्चर्य वाटलं नाही की तो मठात गेला, जो माणूस कोबीकडे असं बघू शकतो तो अर्धा तिथेच पोचलेला होता.

तर माझी पद्धत काय, असं कोणी विचारलं तर मी सांगते नववी आज्ञा. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. लहानपणी दहा आज्ञा पाठ करताना ही कोर्टाबद्दल आहे असं वाटायचं. आता मला ती वांग्याबद्दल पण वाटते. कारण हुबेहूब चित्रात सगळ्यात मोठी चोरी हीच असते की आपण समोरचं न बघता डोक्यातलं काढतो. भाकरी पांढरी असते, डाग काळे असतात, स्टील चंदेरी असतं, हे सगळं डोक्यातलं. समोर तसं काहीही नसतं. प्रार्थना करून बसते का वगैरे पण विचारतात लोक. हात जोडून असं काही नाही, पण एकाच जागी वीस मिनिटं बारीक गोल गोल पेन्सिल फिरवायची असते तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या आजारी लोकांची नावं आपोआप डोक्यात येत जातात, तेवढंच.

भाकरीच का? कारण आपल्या मराठी बायबलमध्ये ब्रेड नाहीये, भाकर आहे. "आमची रोजची भाकर आज आम्हास दे." लहानपणी मला खरंच वाटायचं की येशूने पाच हजार लोकांना शाळूच्या भाकऱ्या वाटल्या, आमच्या आजीच्या हातच्या असतात तशा मोठ्या. योहानाच्या शुभवर्तमानात त्या जवाच्या आहेत म्हणे, पण आकार माझ्या डोक्यात नगरचाच. तर ठरलं, एक ज्वारीची भाकरी, एक फोडायच्या आधीचा लाल कांदा आणि स्टीलचा पेला. कागद ९ बाय १२ इंच.

मांडणी केली बुटाच्या खोक्यात. एक बाजू कापून काढायची, आत काळा चार्ट पेपर, डावीकडून खिडकीचा उजेड. आमची खिडकी पूर्वेची, म्हणजे उजेड नऊ वाजेपर्यंतच माझा, नंतर सावल्या सरकतात. म्हणून फोटो काढावेच लागतात, मी चाळीसेक काढले. इथे एक सांगते, मोबाइल जवळ नेऊन फोटो काढला की गोल वस्तू वेड्यावाकड्या होतात, पुढची कड मोठी आणि मागची लहान, म्हणून चार पावलं मागे जाऊन झूम करायचं. आणि फोटोवर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही, कॅमेरा उजेडाची जागा कोरी पांढरी करून टाकतो आणि सावलीत सगळा डांबर. सावलीतले रंग बघायला खरी वस्तूच लागते, म्हणूनच आईच्या मागे लागून अकरा भाकऱ्या. आकार आणि डाग पहिल्या दिवशीच्या फोटोवरून, रंग रोजच्या ताज्या भाकरीवरून, अशी वाटणी.

कागद माझा ३०० जीएसएमचा कॉटनचा हॉट प्रेस, म्हणजे वॉटरकलरचाच पण गुळगुळीत. अगदीच गुळगुळीत नको, थोडा दाणा लागतो, ज्याला टूथ म्हणतात, कारण पेन्सिलीचा रंग त्या दाण्यात अडकतो आणि दाणा भरला की खेळ खलास, त्यावर अजून रंग बसत नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी फजिती इथेच आहे.) पुण्याच्या पावसाळ्यात कागद दमट होऊन लुळा पडतो, म्हणून रोज काम झालं की प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि हाताखाली कायम बटर पेपर.

ड्रॉइंग आधी ट्रेसिंग पेपरवर केलं, मग मुख्य कागदावर उतरवलं. शिसपेन्सिलीने उतरवलं नाही, फिक्या रंगाखाली ती रेघ मळकट दिसते आणि नंतर निघता निघत नाही, फिक्कट तपकिरी रंगीत पेन्सिलीनेच उतरवलं. मग पिठाचे कण. भाकरीवर कोरड्या पिठाची बारीक पांढरी धूळ असते ना, ती नंतर पांढऱ्या पेन्सिलीने काढता येत नाही, पांढरी पेन्सिल गडद रंगावर दिसतच नाही नीट. त्यासाठी संपलेलं बॉलपेन घ्यायचं आणि रंग लावायच्या आधी कागदावर टोचून खड्डे करायचे, मग वरून पेन्सिल फिरवली की खड्डे कोरे राहतात. दोन संध्याकाळी मी नुसते खड्डे पाडत बसले होते, पोरगा म्हणाला मम्मी तू कागदावर काहीच काढत नाहीयेस. बरोबर होतं त्याचं, पांढरं आधी राखून ठेवायचं, नंतर कितीही पैसे दिले तरी मिळत नाही.

पेन्सिली माझ्या बहुतेक फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोस, तेलाच्या बाइंडरच्या, म्हणजे रंग बांधून ठेवायला तेल असलेल्या, पूर्ण रेंज १२० रंगांची पण माझ्याकडे ३६ चा सेट आणि वर लागतील तशा सुट्ट्या घेतलेल्या. वॅक्सवाल्या पेन्सिली जास्त मऊ आणि रंगाला भरगच्च, पण गडद भागावर जाड थर दिला की काही आठवड्यांनी वर पांढुरकी साय येते, वॅक्स ब्लूम म्हणतात त्याला, मऊ फडक्याने पुसता येते पण मला ते पुसत बसायला नको वाटतं.

आता भाकरीचा रंग. पहिल्या दिवशी मी क्रीम रंग उचलला आणि तिथेच चुकले. तासभर नुसतं बघितल्यावर कळलं की शाळूची भाकरी उजेडाच्या बाजूला क्रीम आहे खरी, पण मधे ती राखाडी आहे, उबदार राखाडी, आणि सावलीच्या कडेला चक्क जांभळट. आणि दोन तोंडं वेगळी असतात तिची. थापल्यावर तव्यात टाकतो तेव्हा वर पाणी फिरवतो ती बाजू गुळगुळीत, आणि जी थेट जाळावर जाते तिच्यावर डाग. मी डागांची बाजू घेतली, पापुद्रा अर्धवट सुटलेला होता त्यामुळे त्याच्या खाली एक बारीकशी सावली. डाग काळे नाहीत. काळी पेन्सिल मी या चित्रात वापरलीच नाही. मधे डार्क सेपिया आणि इंडिगो एकावर एक, बाहेर वॉलनट ब्राउन, त्याच्या बाहेर बर्न्ट ऑकरची एक नखाएवढी कडा, कारण भाकरी जळायच्या आधी भाजते, आणि ती भाजलेली कडा विसरली की डाग म्हणजे शाईचा थेंब दिसतो.

हे सगळं एका दमात नाही. टोक सुईसारखं करायचं, हात एकदम हलका, एक थर, दुसरा थर, कुठे दहा कुठे पंधरा. पहिले पाच थर चित्र भिकार दिसतं. अगदी भिकार. माझी अर्धी चित्रं मी तिथेच सोडलेली आहेत पूर्वी, आता माहीत झालंय की तो टप्पा येतोच, त्यामुळे त्या आठवड्यात चित्र कोणाला दाखवायचं नाही एवढं पाळते.

कांदा त्यामानाने मजेत झाला. त्याच्या वाळलेल्या सालाला एक रंग फिट बसतो, नाव कापुट मॉर्टुअम, लॅटिनमध्ये मेलेलं डोकं. किमयागार लोक भट्टीत उरलेल्या गाळाला म्हणायचे तसं. तांबूस-जांभळा, लोखंडाच्या गंजाच्या जातीचा रंग. मला प्रत्येक वेळी ती पेन्सिल उचलताना गुलगुथा आठवतो, कवटीचं स्थान, येशूला क्रूसावर दिलं ती जागा, आणि मग मी कांद्याचं साल रंगवते. सालाखालच्या गुलाबी भागाचं मात्र टेन्शन, कारण गुलाबी आणि जांभळे रंग उजेडात उडतात. मी मागच्या उन्हाळ्यात टेस्ट केली होती, पट्ट्या रंगवून अर्ध्या भागावर पुठ्ठा चिकटवून खिडकीत चार महिने ठेवल्या, एक गुलाबी तर जवळजवळ गायबच झाला. ज्या पेन्सिली टिकल्या त्याच वापरल्या, कांदा थोडा कमी भडक झाला, चालेल.

पेल्याने डोकं खाल्लं. स्टील म्हणजे रंगच नाही, आजूबाजूचं सगळं ताणून बसवलेलं असतं त्यात. भाकरी तिथे लांबुडकी, कांदा एक जांभळी रेघ, खिडकी वाकडी, आणि खिडकीसमोर एक काळा ठिपका. दोन दिवस मला तो ठिपका काय आहे तेच कळेना. मग हलले तर तो हलला, मीच होते. पीटर क्लास नावाच्या डच चित्रकाराचं १६२८ च्या सुमाराचं एक चित्र आहे, व्हायोलिन, कवटी आणि एक काचेचा गोळा, आणि गोळ्यात बारीकसा तो स्वतः इझलसमोर बसलेला. बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकातलं ते व्यर्थ, सगळं व्यर्थ, त्या काळी त्या लोकांनी अशी शेकडो चित्रं काढली. तर मी पण राहिले पेल्यात, चार मिलिमीटरची, गाऊनमध्ये. गाळता आलं असतं, कोणाला कळलंही नसतं, पण समोर होते ना मी.

आणि एवढं सगळं इमानदारीने करून मग मी काय केलं ते सांगते.

चाळीसेक तास झाले होते. रविवारी मी काढत नाही पण त्या शनिवारी रात्री उशीर झाला, ऑफिसची क्वार्टर एन्ड चाललेली, डोळे मिटत होते, आणि मला काहीतरी एक भाग संपवून झोपायचं होतं. भाकरीची उजवी सावलीची बाजू. अजून चार-पाच थर बाकी होते तिथे, पण मी उचलला रंगहीन ब्लेंडर, म्हणजे बिनरंगाची पेन्सिल, आणि दाबून घासला. बर्निशिंग म्हणतात, एकदम शेवटी करायची गोष्ट, दाबून घासलं की दाणा बुजतो आणि चकाकी येते. आली चकाकी. सकाळी बघितलं तर भाकरीला तिथे प्लॅस्टिकचं डिनर सेट फिनिश. वरून पेन्सिल फिरवली तर घसरते, रंग बसतच नाही. ब्लू टॅकने, म्हणजे चिकट पुट्टीने, टिपून थोडा उचलला, मग ब्लेडच्या टोकाने हळूहळू खरवडायला गेले, आणि एका ठिकाणी कागदाचं वरचं साल निघालं, तिरपी, बोटाच्या पेराएवढी जखम.

पाच दिवस मी चित्र फोल्डरमधून काढलंच नाही. नंतर एका पहाटे बसले, त्या जखमेच्या एका कडेला डार्क सेपिया, आत वॉर्म ग्रे, दुसऱ्या कडेला उजेडाची बारीक रेघ, आणि वीस मिनिटांत तिची एक चीर झाली. भाकरीला पडलेली चीर. इतकी छान जमली की मला स्वतःलाच हसू आलं. आणि मग हसू गेलं, कारण माझ्या त्या अकरा भाकऱ्यांपैकी एकीलाही तिथे चीर नव्हती. नववी आज्ञा सांगत फिरणारी मी. पण ४० तास गेलेले, कोण नव्याने सुरू करणार, म्हटलं भाकरीला चीर पडतच नाही असं थोडीच आहे. पुढचे वीसेक तास पेला, मागचा अंधार आणि सावल्या. एकूण ६२, मी टाइमशीट ठेवते, सवय अकाउंट्सची.

नोव्हेंबरमध्ये गावाकडच्या चर्चमध्ये सुगीचा सण होता. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, उपकारस्तुती म्हणून लोक आपलं पहिलं पीक घेऊन येतात, वेदीसमोर ढीग लागतो, भोपळे, मेथीच्या जुड्या, ज्वारी-बाजरी, अंडी, एखादी कोंबडी पाय बांधून, आणि उपासना झाली की बाहेर सगळ्याचा लिलाव, पैसे चर्चला. आमच्याकडे शेती राहिली नाही आता, म्हणून मी चित्र फ्रेम करून ठेवलं ढिगात, भोपळ्याला टेकून. खरं सांगायचं तर एवढं मोठं, जिवंत स्थिरचित्र समोर रचलेलं असताना माझा कागद तिथे जरा केविलवाणाच दिसत होता, आणि कोंबडी मधेच ओरडत होती पाळक साहेबांच्या प्रार्थनेत.

लोक आले बघायला. एका शेतकरी काकांनी वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न, "शाळू ना?" बाजरीची का, असं विचारलं नाही, डायरेक्ट शाळू, मला तेवढ्यानेच भरून पावलं. आणि बाकी सगळे, अगदी सगळे, त्या चिरेपाशी थांबायचे. "ही चीर बघा ना, किती खरी, हात लावावासा वाटतो." पाळक साहेबांनी तर भाषणात घेतलं, मोडलेली भाकर वगैरे, चर्चमध्ये भाकर मोडून वाटतात त्या प्रभुभोजनाचा संदर्भ, ताईंनी किती खोल विचार केलाय. मी खाली बघत बसले. लिलावात भोपळा ९५० ला गेला आणि चित्र २,१०० ला, त्या शाळूवाल्या काकांच्या मुलाने घेतलं.

न्यायच्या आधी आईने मागून घेतलं एकदा हातात. तिने ते फ्रेम केल्यावर नीट बघितलंच नव्हतं, मोतिबिंदूचं ऑपरेशन मधे झालेलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला, कांदा बघितला, पेला बघितला, पेल्यातली मी तिला दिसली नाही. मग भाकरीवर बोट ठेवलं, बरोबर तिथेच.

"ही माझी नाही."

"तुझीच आहे की गं."

"माझी भाकरी इथे फुटत नाही. पीठ जुनं असेल किंवा पाणी गार घेतलं तर फुटते, आणि फुटली तरी कडेला फुटते, अशी मधे तिरपी नाही फुटत. कोणाची बघून काढलीस?"

मी सांगितलं मग तिला, ब्लेंडर, ब्लेड, शनिवारची रात्र, सगळं. तिने ऐकून घेतलं, फ्रेम त्या मुलाच्या हातात दिली आणि त्याला म्हणाली, "ही चीर हिने टाकलीय बरं का, भाकरीला नव्हती." तो बिचारा बघतच राहिला, त्याला वाटलं पैसे परत मागायचे की काय. शेवटी म्हणाला असू द्या आजी, आणि पिशवीत भोपळ्याच्या वर ठेवून घेऊन गेला.

दुसरी सुरू केलीय आता, डागांची नाही, पाण्याची बाजू. अकरा तास झालेत.